मागे संरक्षण खात्याची भिंत, पुढे रीडेव्हलपमेंट: एनओसीच्या आधी काय बघायचं

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या सचिव ताईंचा प्रश्न आहे. इमारत १९८७ची, तळमजला अधिक चार. मागच्या बाजूला, थोड्या अंतरावर, संरक्षण खात्याची भिंत. बिल्डर बावीस मजल्यांचं चित्र घेऊन आलाय आणि संरक्षण खात्याची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, 'आपण आणून देऊ' म्हणतोय. सभेत निम्म्यांचं म्हणणं, भिंतीमुळे इथे एक वीटही चढणार नाही. उरलेल्यांचं म्हणणं, असलं काही लागतच नाही. ताईंनी शेवटी विचारलंय, "मिलिटरी आणि महापालिका एकदाच एकत्र बसून हे ठरवून का टाकत नाहीत?"

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. बाकीचे त्यातूनच आलेत. मी पेशाने आर्किटेक्ट, नगररचनेची पदवी आहे, आणि गेली सत्तावीस वर्षं ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात फायली घेऊन फिरतोय. लष्करी तळांच्या शेजारची कामं त्यातली आठ-दहाच असतील, पण डोक्याला सगळ्यात जास्त ताप त्यांनीच दिला. ताई, तुम्ही तळाचं नाव लिहिलं नाहीत हे बरं केलंत. उत्तर त्यामुळे थोडं सरसकट होईल, पण उघड चर्चेत कुठल्या भिंतीमागे काय आहे याची उजळणी नको.

आधी सभेतल्या दोन्ही गटांना उत्तर. दोघेही अर्धे बरोबर आहेत, कारण नियमांचे दोन वेगळे थर आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात.

पहिला थर १९०३ सालच्या वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्टचा. या कायद्याखाली केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं, जिल्हाधिकारी जाहीर नोटीस देतात आणि तळाच्या बाहेरच्या कडेपासून जास्तीत जास्त २,००० यार्ड, म्हणजे जवळपास १,८३० मीटरपर्यंत बांधकामावर बंधनं येतात. आत १,००० आणि ५०० यार्डांचे आणखी कडक पट्टे. देहूरोडचा 'रेड झोन' किंवा उरणचा 'सेफ्टी झोन' म्हणतात तो हाच प्रकार. पण याच कायद्यात जमीनमालकाला नुकसानभरपाईची तरतूदही आहे. नव्या अधिसूचना काढण्याचा उत्साह कुठेच दिसत नाही त्याचं कारण यात असावं, असं माझं मत.

दुसरा थर परिपत्रकांचा. कुलाब्यात लष्करी भागालगत उभ्या राहिलेल्या 'आदर्श' टॉवरचं प्रकरण २०१० मध्ये गाजलं आणि १८ मे २०११ रोजी संरक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढलं: तळापासून १०० मीटर, चार मजल्यांपेक्षा उंच इमारत असेल तर ५०० मीटर. या अंतरात एखादं बांधकाम धोक्याचं वाटलं तर स्थानिक लष्करी अधिकाऱ्याने आक्षेप घ्यावा. २१ ऑक्टोबर २०१६ला त्यात मोठा बदल झाला. देशभरातल्या ठिकाणांच्या दोन याद्या केल्या. पहिल्या यादीतल्या १९३ ठिकाणी बाहेरच्या भिंतीपासून १० मीटर, दुसऱ्या यादीतल्या १४९ ठिकाणी १०० मीटरपर्यंत बंधन. मग डिसेंबर २०२२ मध्ये आणखी एक परिपत्रक आलं आणि दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेच स्थगित झालं. तेव्हा एका बिल्डरने 'नवीन' परिपत्रकाच्या जोरावर सोसायटीकडून सह्या घेतल्या होत्या आणि महिनाभराने त्याच लोकांना तोंड दाखवायची चोरी झाली होती. अर्ज करायच्या दिवशी कोणतं परिपत्रक लागू आहे, ते महापालिकेच्या शहर विकास विभागाकडून लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पीडीएफ चालणार नाही.

आता तुमचं नक्की काय, हे तीन गोष्टींवर ठरेल: तुमच्या मागचा तळ कोणत्या यादीत आहे, १९०३च्या कायद्याची अधिसूचना आहे का, आणि भिंतीपासून तुमच्या प्लॉटची कड किती मीटरवर आहे. पहिल्या दोन गोष्टी कागदावर सापडतात. गंमत तिसरीत आहे.

तुम्ही लिहिलंय 'थोड्या अंतरावर'. बिल्डर काय म्हणतो? बहुतेक गुगलवर पट्टी लावून मोजलं असेल. माझ्या एका कामात आमच्या नकाशावर अंतर निघालं १०७ मीटर आणि तळाच्या नकाशावर ९६. शंभराची रेघ मधोमध. चार महिने दोन्ही बाजू आपापला आकडा पत्राने कळवत राहिल्या. शेवटी भूमी अभिलेखकडे संयुक्त मोजणीचा अर्ज केला. मे महिन्याची दुपार. सर्व्हेअर रोव्हरची (उपग्रहावरून मोजणीच्या यंत्राची) काठी घेऊन उभा, पालिकेचा ज्युनिअर इंजिनिअर छत्रीखाली, तळाकडून एक वयस्क वॉरंट ऑफिसर, हातात जुनी जाड वही. घाणेरीच्या झुडपांतून वाट काढत त्यांनी आम्हाला एका कोपऱ्यात नेलं आणि बुटाने पालापाचोळा बाजूला केला. खाली हद्दीचा दगड, त्यावर कोरलेला आकडा अर्धा झिजलेला. भिंत त्या दगडाच्या अकरा मीटर आत होती! तळवाले मोजत होते हद्दीपासून, आम्ही भिंतीपासून. दोघेही प्रामाणिक, दोघेही बरोबर. परिपत्रकात शब्द 'बाहेरची भिंत' असाच होता, त्यामुळे आमचं म्हणणं टिकलं असतं. पण त्या दिवशी महत्त्वाचं वेगळंच घडलं. दगड आणि भिंत दोन्ही एकाच नकाशावर आले आणि खाली तिघांच्या सह्या झाल्या. तोवर असा कागदच अस्तित्वात नव्हता.

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या झुडपात मिळालं. तळाच्या बंधनाची रेघ शहराच्या विकास आराखड्यावर (डीपी) काढलेलीच नसते. शाळेचं आरक्षण दिसतं, डीपी रोड दिसतो, खाडीच्या बाजूला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, रेषा दिसते. तळाच्या जागी मात्र एक रंगवलेला तुकडा असतो आणि त्यावर 'डिफेन्स'. त्याचा प्रभाव भिंतीबाहेर किती मीटर पोचतो, कुठे किती उंची चालेल, काही नाही. म्हणून प्रत्येक इमारत आली की भांडण शून्यापासून सुरू. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. नागरिक हजारोंनी हरकती देतात. तळाकडून त्या मुदतीत मोजमापासह सूचना आलेली मी एकदाच पाहिली. तळप्रमुख दोन-तीन वर्षांनी बदलतो, नगररचनाकारही साधारण तेवढ्याच काळात बदलतो, आराखडा वीस वर्षांचा. त्या वीस वर्षांत कायम तोच राहतो तो फक्त बिल्डर.

तळाच्या बाजूनेही बघा, नाहीतर तो निव्वळ आडमुठेपणा वाटतो. तळ आला तेव्हा भोवती भातशेती, मिठागरं, आगरी-कोळ्यांची गावं. कोलशेत-बाळकुमच्या बाजूला पुढे केमिकल कंपन्या आल्या, त्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. आता घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम. भिंतीवरून डोकावणारा एखादा शेजारी वेगळा आणि तिसाव्या मजल्यावरून सहाशे मोबाईल कॅमेरे वेगळे. त्यांची काळजी असते नजरेच्या टप्प्याची, वरून काही फेकलं-सोडलं जाण्याची, गच्चीवरच्या मोबाईल टॉवरमुळे त्यांच्या यंत्रणेत होणाऱ्या व्यत्ययाची. धावपट्टी असेल तर विमानाच्या उतरत्या वाटेची. दारूगोळा असेल तर वेगळंच गणित.

हे गणित माहीत असावं, कारण नौदलाच्या दारूगोळ्याच्या कोठाराजवळचे, उरण-करंजाकडचे लोक नेहमी विचारतात, "साठा थोडा कमी करा, झोन अर्धा करा." स्फोटकांचं सुरक्षित अंतर साठ्याच्या घनमुळाच्या प्रमाणात ठरतं. साठा आठपट झाला की अंतर दुप्पट. उलट बाजूने, साठा निम्मा केला तरी अंतर फक्त वीसेक टक्क्यांनी घटतं. म्हणून तिथे शंभर-दोनशे मीटरची घासाघीस फार पुढे जात नाही. तिथे मागायची असते ती भरपाई, आणि आधीपासून असलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी स्पष्ट नियम. मुंबईने हे गणित १४ एप्रिल १९४४ला बघितलंय. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापूस आणि स्फोटकं एकत्र होती, आग लागली आणि स्फोटांनी गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला. पण नजरेच्या टप्प्याचा प्रश्न असलेल्या तळाला दारूगोळ्याची मोजपट्टी लावणं चूक, आणि उलटंही चूक. तुमच्या तळाची नक्की काळजी कोणती, हे कळलं तरच वाटाघाटीला जागा राहते.

अमेरिकेत यावर १९८५ मध्ये 'जॉइंट लँड यूज स्टडी' नावाने सुरू झालेली पद्धत आहे. तळ, शहर, काउंटी आणि जमीनमालक एका समितीत बसतात, आवाजाचे आणि अपघाताच्या शक्यतेचे पट्टे नकाशावर काढतात, आणि कुठल्या पट्ट्यात गोदाम चालेल, कुठे विरळ घरं, कुठे काहीच नाही, हे आधीच ठरवतात. त्यांच्या लढाऊ विमानांच्या धावपट्टीच्या टोकापासून पहिले ३,००० फूट मोकळे, पुढच्या ५,००० फुटांत वस्ती नको, त्यापुढच्या ७,००० फुटांत फक्त विरळ. व्हर्जिनिया बीचमधल्या नौदलाच्या ओशियाना तळाभोवती शहराने हे बरीच वर्षं मनावर घेतलं नाही. २००५ मध्ये तळांच्या फेररचनेसाठी नेमलेल्या आयोगाने बजावलं की वस्ती आवरा, नाहीतर विमानं दुसरीकडे जातील. मग शहर आणि राज्य यांनी पैसे घालून विकायला तयार असलेल्या मालकांच्या जमिनी घेतल्या आणि झोनिंग बदललं. पैसे घातले, याकडे लक्ष द्या. आपल्याकडे बंधन घालताना पैशाचा विषय निघाला की बैठक चहावर संपते.

आपल्याकडे असं काही होऊच शकत नाही, असं मात्र नाही. मी बघितलेलं सगळ्यात चांगलं सहकार्य इमारतीवरून झालं नाही, एका नाल्यावरून झालं.

नाला वस्तीतून येऊन तळाच्या भिंतीखालून आत जायचा आणि पलीकडे खाडीला मिळायचा. भिंतीखालच्या मोरीला सुरक्षेसाठी लोखंडी जाळी. दर जुलैत जाळीवर प्लास्टिक, थर्माकोल आणि गाद्या अडकायच्या, पाणी मागे फुगायचं आणि चाळीत गुडघाभर. चाळकऱ्यांचा राग तळावर. तळाचा राग पालिकेवर, कारण बाहेरचा रस्ता काँक्रीटचा करताना फूटभर उचलला होता आणि त्याचं पाणी त्यांच्या क्वार्टर्समध्ये. नालेसफाईचे कामगार आत जाऊ शकत नव्हते, कारण ठेकेदार रोज वेगळी माणसं आणायचा आणि गेटवर नावं जुळायची नाहीत. दोन वर्षं पत्रव्यवहार. तिसऱ्या वर्षी तळावरच्या एका तरुण अधिकाऱ्याने वॉर्डातल्या सहायक आयुक्तांना थेट फोन केला. बैठक जाळीपाशीच, उभ्याउभ्या झाली. ठरलं असं की एप्रिलअखेर बारा कामगारांची नावं आधार कार्डासकट तळाला द्यायची आणि पावसाळाभर तीच माणसं ठेवायची. मूळ जाळीच्या तीस फूट अलीकडे, पालिकेच्या हद्दीत, दुसरी मोठ्या फटींची तिरकी जाळी बसवायची, म्हणजे गाद्या तिथेच अडकतील आणि जेसीबीला बाहेरूनच काढता येतील. खर्च पालिकेचा, आतली सफाई तळाची. त्या जुलैत चाळीत पाणी शिरलं नाही.

पुढे त्याच भागात एका इमारतीची फाईल गेली, तेव्हा उत्तर सहा आठवड्यांत आलं. योगायोग नव्हता तो. दोन्हीकडे एकमेकांचे मोबाईल नंबर होते. ते अधिकारी नंतर बदलून गेले आणि पुढच्या फाईलला पुन्हा नऊ महिने लागले, हेही सांगायला हवं. व्यवस्था माणसांवर होती, कागदावर नव्हती.

उलट टोकही ठाणे जिल्ह्यातच आहे. कल्याणजवळ नेवाळीत, दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीवर नौदलाने कुंपणभिंतीचं काम सुरू केलं. शेतकऱ्यांचं म्हणणं, युद्ध संपलं, जमीन आमची. २२ जून २०१७ला रस्ता रोको, जाळपोळ, गोळीबार. कायद्याने बाजू कोणाची हा वाद बाजूला ठेवू. पण पिढ्यान्‌पिढ्या धुमसलेल्या जमिनीच्या प्रश्नावर संवादाच्या आधी भिंत पोचली की काय होतं, ते दिसलं.

माझ्याकडून काय चुकलं तेही सांगतो. सुरुवातीच्या काळात एका तळाशेजारच्या प्लॉटवर विकासक म्हणाला, "सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) घेऊ, एनओसी मागून येईल." मी मान डोलावली. छाननीत कोणी विचारलं नाही, परवानगी मिळाली. प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) काम आलं आणि तळाचं पत्र आलं. काम बंद. सतरा कुटुंबं भाड्याच्या घरांत, वर्षभराने विकासकाने भाडं थांबवलं. त्यातल्या एक आजी दर सोमवारी माझ्या ऑफिसात येऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, फक्त पाणी मागायच्या. शेवटी वरचे मजले कापून ती इमारत झाली, पण तोवर अडीच वर्षं गेली होती. कोर्टात जाता आलं असतं. अशा प्रकरणांत निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत: कुठे कोर्टाने म्हटलं की अधिसूचनेशिवाय नुसत्या परिपत्रकाने मालकाचा हक्क जात नाही, कुठे म्हटलं की देशाच्या सुरक्षेचा आक्षेप नियोजन प्राधिकरणाने विचारात घेतलाच पाहिजे. भाड्याच्या घरात बसून यावर पैज लावू नये.

म्हणून तुमच्या बाबतीत क्रम उलटा करा. सहकार कायद्याच्या ७९अ खाली पुनर्विकासाबद्दल ४ जुलै २०१९चे शासन निर्देश आहेत. त्यानुसार विकासक निवडायच्या आधी वास्तुविशारदाकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा असतो. बहुतेक अहवालांत एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते), टीडीआर (दुसरीकडे वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क), कारपेटचं कोष्टक असतं आणि तळाबद्दल 'एनओसी लागू असल्यास' एवढी एक ओळ. ती ओळ मान्य करू नका. अहवालात भिंतीपासूनचं मोजलेलं अंतर, तळ कोणत्या यादीत आहे आणि उंचीचे निदान दोन पर्याय असायलाच हवेत: एक बंधन न लागल्यास, दुसरा चार-पाच मजल्यांवर थांबावं लागल्यास. दुसऱ्या पर्यायात तुम्हाला आताएवढी घरं तरी मिळतात का, हे सभेला आधी कळू दे. न मिळाल्यास बिल्डरऐवजी दुरुस्तीचा विचार करावा लागेल, आणि प्रतिबंधित पट्ट्यात दुरुस्तीलाही एनओसी लागू शकते हे लक्षात ठेवा.

एनओसीचा अर्ज महापालिकेमार्फत जाऊ द्या. बिल्डरचा 'ओळखीचा माणूस' नको. सोबत नुसता प्लॅन न देता तळाच्या बाजूचा दर्शनी भाग काढून द्या. माझा अनुभव असा की त्या बाजूला जिना, लिफ्ट, डक्ट आणि बाथरूमच्या उंच खिडक्या ठेवल्या, गॅलऱ्या दुसरीकडे वळवल्या, गच्चीच्या त्या कडेला उंच भिंत दाखवली आणि मोबाईल टॉवर लावणार नाही असा सोसायटीचा ठराव जोडला, तर बोलणं 'नाही'वरून 'किती'वर येतं. दरवेळी नाही. दोन ठिकाणी सगळं करूनही नकारच आला. पण मोघम प्लॅन पाठवून होकार आलेला मी एकदाही पाहिला नाही.

आणि ताईंच्या मूळ प्रश्नासाठी एक काम सोसायटीला एकटीने जमणार नाही, पण भिंतीलगतच्या पाच-सहा सोसायट्या मिळून जमेल. महापालिका आयुक्तांना एकच निवेदन द्या की तळाभोवतीच्या पट्ट्याची संयुक्त मोजणी करून, अंतरानुसार उंचीचं कोष्टक तळाच्या संमतीने ठरवून, ते एमआरटीपीच्या कलम ३७खाली (आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचं कलम) आराखड्यात आणावं. सोबत मागा की ज्यांची उंची कापली जाईल त्यांना न वापरता आलेला एफएसआय टीडीआर म्हणून बाहेर विकता यावा. शेवटची मागणी राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय होणार नाही, वेळ लागेल. पण भार पूर्णपणे पहिल्या रांगेतल्या इमारतींवर आणि फायदा मागच्या टॉवरना, हे आज चाललंय ते कुठेतरी मोजलं तरी जाईल. निवेदनाची प्रत तळप्रमुखांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पावसाळ्याआधी दिलंत तर विषयात नालाही घाला. त्यावर बैठक लवकर लागते.

तुमच्या इमारतीची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. १९८७ची बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा सोसायटीच्या कपाटात असेल तर आधी तो काढा. त्या नकाशावर मागे भिंत दाखवलीय की मोकळी जमीन, ते बघून इथेच कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.